दोघींची वजाबाकी

इस्त्री तापली होती, आणि इस्त्रीहून आई जास्त तापली होती.

"शेवटचं विचारते. तुझ्याकडे दहाची नोट आहे. चारची पेन्सिल घेतलीस. उरले किती?"

थोरलीने छताकडे पाहिलं, ओठ पुटपुटले, आणि अगदी ठामपणे सांगितलं, "दोन."

"अगं, दोन कसे?"

"दोनच."

आईने इस्त्री उभी करून ठेवली. समोर लोकांच्या कपड्यांचा ढीग, मागे घडी केलेल्यांचा, आणि दोन ढिगांमध्ये टेबलाखाली मांडी घालून बसलेल्या या दोघी जुळ्या. थोरली पाव तासाने थोरली, धाकटी पाव तासाने धाकटी. नाक एक, वेणी एक, हसणं एक. वर्गातल्या बाईंनी मात्र दोघींमध्ये रेघ ओढायचं ठरवलं होतं. धाकटी वरच्या वर्गात जाणार. थोरलीला पैशांची गणितं उद्यापर्यंत आली नाहीत, तर ती आहे तिथेच राहणार. उद्या बाई पुन्हा तोंडी विचारणार होत्या, आणि आईनेही यायचं होतं.

"वीसची नोट. सातची वही. उरले?"

"सहा."

"तीनचा खडू, दोनचं खोडरबर. मिळून किती झाले?"

"दहा."

आईने कपाळाला हात लावला. हाताची वाफ कपाळाला लागली.

"बरं, पैसे सोड. नुसतं सांग. दहातून चार गेले?"

"सहा."

"विसातून सात?"

"तेरा." श्वासही न घेता.

"मग पैसे म्हटलं की तुझ्या डोक्याला कुलूप का लागतं गं?"

"सांगू का मी?" धाकटी म्हणाली.

"तू गप्प बस. तुझी परीक्षा झाली."

शेजारच्या न्हाव्याच्या दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. तो वस्तरा पुसत दारात येऊन उभा राहिला. "वहिनी, इतकं काय तिच्या मागे लागता? नाही जमलं तर माझ्याकडे पाठवा. डोकं हातात धरून बसायचंच काम आहे."

"भाऊजी, तुम्ही आधी तुमच्या दुकानात गिऱ्हाईक बसवा."

"बसलं असतं हो. तुमचा आवाज ऐकून पळालं."

दोघी एकदमच खुदकन हसल्या. आईला हसू आलं नाही. तेवढ्यात करपल्याचा वास आला. इस्त्री तिचीच होती. उभी केलेली कलंडली होती आणि कुणाच्यातरी पांढऱ्या बाहीवर पिवळा डाग उमटला होता. आता याची भरपाई, त्या माणसाची बोलणी, आणि उद्या बाईंची. आईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तिने गल्ल्यातून दहाची नोट काढली आणि थोरलीच्या मुठीत कोंबली.

"जा. कोपऱ्यावरच्या दुकानातून चारची पेन्सिल आण. उरलेले या टेबलावर ठेव. मग बघू दोन कसे उरतात ते!"

थोरली धावत गेली, धावत आली. टेबलावर तिने दोनचं नाणं ठेवलं. शेजारी दोन पेन्सिली ठेवल्या, एक निळी, एक लाल.

"मी एक सांगितली होती ना?"

"मग हिला?" थोरलीने धाकटीकडे बोट केलं. तिला प्रश्नच कळला नव्हता.

आई नाण्याकडे बघत राहिली. रोज सकाळी शाळेला निघताना नोट ती थोरलीच्याच हातात द्यायची, आणि रोज तेच म्हणायची, दोघींचं बघ गं. पोर दोघींचं बघत होती. गणितातसुद्धा.

"हेच सांगत होते मी," धाकटी म्हणाली.

आई खाली बसली. आवाज उतरला होता, वैताग उतरला नव्हता. "हे बघ राणी, उद्या बाई विचारतील तेव्हा एकच घ्यायचं. हिला विसरायचं."

"का?"

"हिला विसरलीस, तर हिच्या वर्गात जाशील."

"आणि नाही विसरले तर?"

"तर ही जाईल, तू राहशील."

थोरलीने लाल पेन्सिल धाकटीच्या हातात दिली. "हे गणित चुकलंय," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आई वर्गाच्या दाराशी पदराला हात पुसत उभी होती. हात कोरडेच होते.

"एका मुलीकडे बारा होते," बाई म्हणाल्या. "तिने पाचचं खोडरबर घेतलं. उरले किती?"

थोरलीने आईकडे पाहिलं, मग पहिल्या रांगेतल्या धाकटीकडे. "बाई, त्या मुलीला बहीण आहे का?"

"काय?"

"बहीण. आहे का तिला?"

"गणितात बहीण कुठून आली? नाही."

"मग सात."

पुढच्या गणितातही तेच. त्याच्या पुढच्यातही. बाईंनी खडू टेबलावर आपटला. "माझ्या कुठल्याच गणितातल्या मुलीला बहीण नाही!"

"एकीलाही नाही?" थोरलीला वाईट वाटलं. पण मग सगळी उत्तरं तिने भराभर दिली, आणि सगळी बरोबर दिली.

"घालते वर," बाई आईला म्हणाल्या. "पण दोघींना शेजारी नाही बसवणार. सगळा वेळ एकमेकींतच असतात. ही दुसऱ्या बाकावर, ती सहाव्या."

आई पुढे झाली. काल दिवसभर घसा फोडून जे मागितलं ते मिळालं होतं, त्यात आता काय बोलणार? तिने पुन्हा पदराला हात पुसले.

थोरली मात्र बाकांकडे बघत होती. बोटांवर मोजलंही नाही तिने.

"म्हणजे मधे तीन," ती म्हणाली.

"शाबास!" बाई म्हणाल्या.