चौथी मैत्रीण

शिवानीनं वडिलांचा हात खुर्चीच्या पाठीवर ठेवला आणि ते बसेपर्यंत खुर्ची मागून धरून ठेवली. प्लॅस्टिकच्या खुर्च्या फरशीवर सरकत होत्या. भोरमधल्या त्या मंगल कार्यालयाच्या खिडक्यांना ताडपत्र्या बांधून भर दुपारी अंधार केला होता. एरवी जिथं नवरा-नवरीच्या खुर्च्या मांडतात तिथं पांढरा पडदा ताणला होता.

“पडदा कुनीकडं हाय?” वडिलांनी विचारलं.

“समोरच. तुमी बसलाय तसंच ऱ्हावा, आप्पा.”

त्यांनी मान सरळ केली. साखरेच्या आजारानं त्यांची नजर जाऊन बरेच दिवस झाले होते. उजेड कळायचा, माणूस कळायचा नाही. सकाळी किकवीहून निघताना शेजारच्या सगुणाबाई म्हणाल्या होत्या, “दिसायचं न्हाई, तर कशाला दगदग करता, संजूदादा?” त्यावर ते म्हणाले होते, “म्या ऐकाय चाललोय. पोरगी बोलनार हाय.”

सिनेमा चार मैत्रिणींचा होता. दहावीनंतर तिघी गाव सोडून जातात, चौथी मागं राहते. ती चौथी म्हणजे शिवानी. आदल्या वर्षी दिग्दर्शक प्रद्युम्न सर मुली शोधत भोरला आले, तेव्हा ती आणि भार्गवी दोघी बरोबरच गेल्या होत्या. भार्गवी इथलीच, वकिलांची मुलगी. आठवीपासून दोघी एका बाकावर. भार्गवीला सरांनी दोन मिनिटांत परत पाठवलं. शिवानीला जयंतीत केलेलं भाषण म्हणायला लावलं आणि मध्येच थांबवून म्हणाले, “अशीच बोल. एक अक्षरही बदलू नकोस.” बाहेर आल्यावर भार्गवीनं तिला मिठी मारली होती. पुढं शूटिंग संपेपर्यंत शाळा बुडवून ती पाण्याची बाटली धरून शिवानीच्या बाजूला उभी असायची.

शूटिंगच्या वेळी वारा फार होता, जनरेटरचाही आवाज होता. पुण्याला येऊन संवाद पुन्हा म्हणावे लागतील, असं सर म्हणाले होते. शिवानीनं फोनची वाट पाहिली. मग आपणच केला. “झालंय गं सगळं, तू काळजी करू नकोस,” सर म्हणाले. आपला आवाज नीट आला असेल, असं तिनं धरलं.

भार्गवी उशिरा आली आणि शिवानीच्या पलीकडच्या खुर्चीवर बसली. हल्ली तिचे फोन कमी झाले होते. अकरावीचे क्लास, अशी शिवानीनं स्वतःची समजूत घातली होती.

“आलीस?” शिवानी म्हणाली.

भार्गवीनं नुसती मान हलवली.

पडद्यावर नदीचा घाट दिसला. खालच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून शिवानी बसली होती, भिंतीएवढी मोठी. मागून कुणीतरी शिट्टी मारली. पडद्यावरची शिवानी वळली आणि म्हणाली, “तुम्ही कुठेही गेलात, तरी मला काय फरक पडतो?”

आवाज भार्गवीचा होता.

शिवानीनं शेजारी पाहिलं. भार्गवी मांडीवरच्या ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती.

“ही आपली भार्गवी न्हवं?” वडील कुजबुजले. “तिला बी घेतलं व्हय?”

“व्हय,” ती म्हणाली.

“बोलली न्हाईस कधी. चांगलं झालं की. आन तू कवा येनार?”

“फुडं हाय.”

वडील दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ऐकू लागले. पडद्यावर शिवानी हसली, चिडली, मैत्रिणीच्या सायकलीमागं धावली, आईशी भांडली. दरवेळी तिच्या तोंडातून भार्गवीचे स्वच्छ, नीट उच्चारलेले शब्द बाहेर पडत होते. मध्येच एखादी नवीन बाई बोलायला लागली की वडील मान उंच करायचे आणि थोड्या वेळानं पुन्हा खाली घ्यायचे. दोनदा त्यांनी काही विचारण्यासाठी तोंड तिच्याकडं वळवलं आणि विचारलं नाही. उठून मोठ्यानं सांगावं, असं शिवानीला वाटलं. पण काय सांगणार? लोक हसत होते, त्यांना सिनेमा आवडत होता.

शेवटी एसटी स्टँडचा प्रसंग आला. शूटिंगच्या त्या दिवशी कागदावर वेगळं वाक्य होतं. शिवानी आपल्याच बोलीत बोलून गेली होती, “जावा तुमी. म्या हाय हितंच.” आणि मग तिला खरंच रडू फुटलं होतं. रडायचं असं कुणी सांगितलं नव्हतं. सरांनी कॅमेरा चालूच ठेवला होता.

“जा तुम्ही,” पडद्यावरची शिवानी म्हणाली. “मी आहे इथेच.”

मग ती रडली. आधी नाकानं श्वास ओढल्यासारखं, मग दाबून, मग दाबता न आल्यासारखं.

वडिलांचा हात चाचपडत आला आणि तिच्या मनगटावर घट्ट बसला. दिवे लागेपर्यंत त्यांनी तो काढला नाही. “तू कवा येनार” हेही पुन्हा विचारलं नाही.

टाळ्या थांबल्यावर सरांनी मुलींना पुढं बोलावलं. शिवानीचं नाव घेतल्यावर सगळ्यांत जास्त टाळ्या झाल्या. तिला शाल घालणारे गृहस्थ माइकवर म्हणाले, “आमच्या किकवीची ही मुलगी. पण काय शुद्ध भाषा, काय उच्चार! कुणी म्हणेल का खेड्यातली आहे?” मग त्यांनी माइक तिच्यापुढं धरला. “दोन शब्द बोल, बाळा.”

समोर तिसऱ्या रांगेत वडील खुर्चीत पुढं सरकून बसले होते. प्रद्युम्न सर तिच्याकडं बघून हसले आणि लगेच दुसऱ्या कुणाशी बोलू लागले.

“आमी...” ती म्हणाली. सभागृह शांत झालं. “आम्ही... धन्यवाद,” ती म्हणाली आणि खाली उतरली.

कार्यालयाच्या पायऱ्यांवर भार्गवीनं तिला गाठलं. वडील चपला शोधत होते. शिवानी वाकून त्यांच्या पायापाशी चपला लावत होती.

“सर म्हणाले, तुला सांगितलंय,” भार्गवी म्हणाली. “पुण्या-मुंबईच्या लोकांना बोलणं कळायला हवं म्हणाले. मग मला समजलं की तुला कुणी सांगितलंच नाही. तोवर सगळं होऊन गेलं होतं.”

शिवानीनं वडिलांचा दुसरा पाय चपलेत सरकवला.

“रडणं मला जमलं नाही, शिवा. खूपदा करून पाहिलं. शेवटी ते तुझंच ठेवलं.”

“बरं,” शिवानी म्हणाली.

भार्गवी वडिलांकडं वळली. “येते, काका.”

“ये, पोरी,” ते म्हणाले. “घरी येत जा. लई दिवसांत आली न्हाईस.”

एसटी कापूरहोळच्या रस्त्याला लागली तेव्हा ऊन उतरलं होतं. शिवानीनं शालीची घडी पिशवीत कोंबली. वडील खिडकीशी बसले होते. वारा त्यांच्या तोंडावर येत होता.

“ते रडनं तुझं व्हतं,” ते म्हणाले.

“व्हय.”

“त्याच्या आधी काय म्हनलीस?”

“तुमी ऐकलंय की, आप्पा.”

“त्ये भार्गवीचं. तुझं सांग.”

ते तिच्याकडं झुकले. शिवानीनं तोंड उघडलं.

“जा तुम्ही,” ती म्हणाली आणि गप्प झाली. ओठ पुसले. पुन्हा सुरुवात केली. “जा तुम्ही. मी...”

गाडी खड्ड्यातून गेली, मागच्या खिडक्या खडखडल्या. वडिलांनी कान तिच्या आणखी जवळ आणला आणि ते वाट बघत राहिले.