पांढरा धूर, निळा धूर

"काकू, झोप लागली का? त्याची कोंबडी शेगडीवर चढलीसुद्धा." मालक मागच्या दारातून म्हणाले.

"चढू द्या. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग," असं म्हणून काकू हात मागे बांधून आपल्या शेगडीकडे बघत राहिल्या.

खानावळीच्या मागच्या अंगणात भर दुपारी दोन शेगड्या पेटल्या होत्या. एक काकूंची, दुसरी नव्या आचाऱ्याची. हा चाळिशीचा, पोट सुटलेला गडी मोठ्या हॉटेलातून आला होता. मालकांनी सफरचंदाच्या लाकडाचा भुसा घालून केलेल्या कोळशाच्या वड्या आणल्या होत्या. ज्याची कोंबडी सरस, त्याची शेगडी. दुसऱ्याने भाज्या चिरायच्या. बावीस वर्षं काकू या शेगडीपुढे उभ्या होत्या.

"काय वास सुटलाय," नवा आचारी नाक वर करून म्हणाला. "आता कोंबडी नाही ठेवली तर सगळा हवेत जाईल, काकू. येतोय ना?"

काकूंनी नुसती मान डोलावली. हिवाळ्यातल्या तापापासून त्यांना वास येणंच बंद झालं होतं. साबण काय नि करपलेलं दूध काय, सगळं सारखंच. लेकीशिवाय हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

पण डोळे शाबूत होते. नुकता पेटलेला कोळसा रुसलेल्या पोरासारखा असतो. दाट, पांढरा धूर सोडत धुसफुसतो. तेव्हा त्याच्या वाटेला जाऊ नये. हळूहळू वड्यांवर राखेची साय धरते, धूर विरळ, निळसर, असून नसल्यासारखा होतो. मग पोर शहाणं झालं म्हणायचं. काकूंनी जाळीवर तळहात धरून आकडे मोजले. पाचाला हात काढावा लागला. तेव्हा कुठे त्यांनी कोंबडी ठेवली आणि झाकणाचं भोक अर्धं उघडं सोडलं.

मालकांनी दोन्ही ताटं चाखली. नव्या आचाऱ्याच्या घासाला त्यांचं तोंड वाकडं झालं. "कडू आहे रे. काजळी चाटल्यासारखी." काकूंच्या ताटातला दुसरा तुकडा मात्र त्यांनी न विचारता उचलला. "शेगडी तुमचीच. नाक असावं तर असं."

गप्प बसल्या असत्या तर निभावलं असतं.

"नाक नाही, मालक. पाच महिने झाले, वासच येत नाही. सगळं डोळ्यांनी नि हातांनी चाललंय. शेगडी द्यायची तर हे ऐकून द्या."

मालकांनी बोटं पुसली. "पाच महिन्यांत एक ताट परत आलं नाही," ते म्हणाले. "उद्यापासून या वड्या तुमच्याच ताब्यात."

नवा आचारी सुरी घ्यायला आत निघाला.

"अरे, भाज्या कुठं पळून जात नाहीत. इकडे ये." काकूंनी शेगडीचं झाकण उचललं. "काय वास येतोय, मला नीट सांग. घाई नको."

तो अवघडून वाकला. "गोडसर आहे. उन्हात ठेवलेल्या फळीसारखा. आणि मागे जरासा... फळ सोलताना येतो ना, तसा."

"अजून," काकू म्हणाल्या आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.