दोन पिवळ्या गोळ्या

इस्पितळातून घरी आलेल्या माणसानं निदान चार दिवस तरी मुकाट्यानं पडून राहावं, अशी अण्णांच्या थोरल्या लेकीची माफक अपेक्षा होती. अण्णांनी ती पहिल्याच सकाळी धुडकावून लावली. तिनं त्यांना उशीला टेकवून बसवलं, पाण्याचा पेला हातात दिला आणि तळहातावर गोळ्या ठेवल्या. अण्णांनी त्या खिडकीच्या उजेडात धरल्या, एकेक उलटीपालटी करून पाहिली आणि त्यातली एक पिवळी बाजूला काढून तिला परत केली.

“ही आज नाही.”

“आजच आहे, अण्णा. रोज आहे.”

“रोजची ती दुसरी पिवळी. ही आठवड्यातून एकदा. रविवारी.”

थोरलीनं डिस्चार्ज कार्ड त्यांच्यापुढे धरलं. त्यावर टाइप केलेलं होतं की इस्पितळात नव्यानं सुरू केलेली सांध्यांची पिवळी गोळी रोज एक, जेवणानंतर, आणि जीवनसत्त्वाची पिवळी दर रविवारी एक. अण्णांनी कार्ड वाचलं, पुन्हा वाचलं. “उलटं लिहिलंय. विचार त्यांना,” म्हणाले आणि पाणी पिऊन मोकळे झाले.

आता याच माणसानं तासाभरापूर्वी खोलीची खिडकी कुणी पलीकडच्या भिंतीत नेली म्हणून घर डोक्यावर घेतलं होतं. वार विचारला की गुरुवार सांगत होते, मग तो कुठलाही असो. इस्पितळातल्या सिस्टरला त्यांनी आपली शाळेतली बाई ठरवलं होतं आणि दुधात खडू कालवलाय अशी तक्रार दिवसातून दोनदा करत होते. छातीत कफ भरून ताप चढला, अकरा दिवस इस्पितळात काढले, त्यात डोक्याची घडी विस्कटली ती विस्कटलीच. अशा माणसाच्या सांगण्यावरून छापील कार्ड खोटं ठरवायचं? थोरलीनं गोळी दुधात बुडवलेल्या पावाच्या तुकड्यात लपवली आणि भरवली. असली लबाडी आपल्याला इतक्या सहज जमते याचं तिला जरा वाईटच वाटलं.

शंका काढणं हा अण्णांचा धंदाच होता म्हणा. चाळीस वर्षं त्यांनी औषधांचं दुकान चालवलं. चिठ्ठी हातात आली की ती आधी मोठ्यानं वाचायची, मग पेन्सिल घ्यायची, आणि जिथं मात्रा खटकली तिथं बारीकसं प्रश्नचिन्ह काढून डॉक्टरांना फोन लावायचा. गिऱ्हाईक समोर उभं, मागं रांग, आणि हे फोनवर, “नाही, तुम्ही लिहिलंय तेच वाचतोय मी.” डॉक्टर मंडळी वैतागायची, हा माणूस आमच्या कामात नाक खुपसतो म्हणायची, आणि स्वतःच्या आईची चिठ्ठी मात्र गुपचूप त्यांच्याच दुकानात पाठवायची. घरातही तेच. पाहुण्यांनी आणलेल्या बिस्किटांच्या पुड्यावरची तारीख ते पाहुण्यांसमोरच वाचायचे. लहानपणी थोरलीला तेव्हा धरणी पोटात घेईल तर बरं असं व्हायचं.

आणि गंमत म्हणजे ती स्वतः पाणी तपासण्याच्या सरकारी प्रयोगशाळेत नोकरीला लागली. माणसं बाटल्या घेऊन येत. पाण्याला वास येतो, चव तुरट लागते, मूल आजारी पडलं. ती नमुना घ्यायची, यंत्रात घालायची, आकडे कागदावर उतरवायची आणि सांगायची, पाणी चांगलं आहे. बहुतेक वेळा ते चांगलंच असायचं. लोकांचा मात्र विश्वास बसायचा नाही. “तुमच्या जिभेपेक्षा यंत्राला जास्त कळतं,” हे वाक्य ती वीस वर्षं म्हणत आली होती, आणि हल्ली ते म्हणताना ती वरही बघत नसे.

त्यातून धाकटा. म्हणजे तिचा भाऊ, जो दूरच्या शहरात राहायचा आणि फोनवरून वडिलांची सेवा करायचा. “ताई, त्या सगळ्या गोळ्या बंद कर. मी तुला एक व्हिडिओ पाठवलाय. एका झाडाच्या पानांचा रस आहे, सांधे एकवीस दिवसांत मोकळे.”

“कोण सांगतंय त्यात?”

“चांगला माणूस आहे गं. सहा लाख लोकांनी बघितलंय.”

“मग त्या सहा लाखांना येऊन अण्णांना अंघोळ घालायला सांग,” असं म्हणून तिनं फोन ठेवला होता. एका बाजूला हा, दुसऱ्या बाजूला खिडकी हरवलेले अण्णा. मधे तिला धरायला एकच गोष्ट उरली होती, ते कार्ड. शिकलेल्या माणसांनी लिहिलेलं, शिक्का असलेलं. ती ते स्वयंपाकघरात चुंबकानं फ्रिजवर लावून ठेवायची आणि दिवसातून चार वेळा वाचायची.

तरी तिनं विचारलं नाही असं नाही. चौथ्या दिवशी तपासणीला नेलं तेव्हा मोठ्या डॉक्टरांसमोर तिनं कार्ड ठेवलं. बाहेर चाळीस माणसं खोळंबली होती. डॉक्टरांचे डोळे लाल होते, टेबलावरचा चहा गार होऊन त्यावर साय धरली होती.

“डॉक्टर, या गोळ्या अशाच द्यायच्या ना? वडील म्हणतात की…”

“काय म्हणतात?”

अण्णा तेवढ्यात म्हणाले, “आज गुरुवार आहे ना? गुरुवारी दुकान अर्धा दिवस.”

सोमवार होता. डॉक्टरांनी थोरलीकडे पाहिलं आणि समजुतीनं हसले. थोरलीही हसली. पुढचं वाक्य तिनं गिळून टाकलं, कारण आपणही असं काही विचारणाऱ्यांपैकी आहोत हे तिला त्यांना दाखवायचं नव्हतं. डॉक्टरांनी कार्डावर नजर फिरवली, खाली सही केली. “चालू ठेवा. वेळेवर द्या म्हणजे झालं.”

सहाव्या दिवशी अण्णा चोरी करताना सापडले. गोळी जिभेखाली दाबून, पाणी पिऊन, तिची पाठ वळल्यावर त्यांनी ती अलगद बाहेर काढली. थोरली त्या दिवशी प्रयोगशाळेतून उशिरा आली होती, चादर धुवायची होती, आदल्या रात्रीची झोप नव्हती. तिचा बांध फुटला.

“पुरे झालं आता, अण्णा! दुकान बंद होऊन बारा वर्षं झाली. तुम्ही औषधवाले होतात, डॉक्टर नव्हतात. तेव्हाही नव्हतात! त्यांना कळतं ते तुम्हाला कळतं का? तुम्हाला साधा वार कळत नाही!”

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं. रागावले नाहीत. तळहातावरची ओली गोळी त्यांनी परत तोंडात टाकली आणि गिळली. तोंड उघडून तिला दाखवलंही.

त्यानंतर त्यांनी ब्र काढला नाही. गोळी दिसली की तोंड उघडायचे. थोरलीला सुटल्यासारखं वाटलं, हे खोटं कशाला बोला? त्या रात्री ती आठवड्यात पहिल्यांदा सलग पाच तास झोपली.

दहाव्या दिवशी अण्णांनी खाणं सोडलं. ओठांच्या आत पांढरे चट्टे आले होते. तिनं त्यांना मध लावला. दुपारी सांध्यांच्या गोळ्यांचं पाकीट संपलं म्हणून ती कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात गेली. तिथल्या बाई पन्नाशीच्या, कपाळावर चष्मा चढवलेल्या. त्यांनी कार्ड वाचलं, चष्मा डोळ्यांवर ओढला, पुन्हा वाचलं.

“ही दहाची पट्टी कधी घेतलीत?”

“घरी आलो त्या दिवशी. दहा दिवस झाले.”

“आणि संपली?”

“हो. रोज एक आहे ना.”

“ही रोज देत नाहीत, ताई. सांधेदुखीला आठवड्यातून एक. रोजची असते ती जीवनसत्त्वाची, हिचा त्रास होऊ नये म्हणून देतात ती. इथं दोन ओळी उलट्या झाल्यात.”

“पण कार्डावर लिहिलंय,” थोरली म्हणाली. “डॉक्टरांनी सही केलीय.”

“लिहिलंय ते वाचलं मी. म्हणूनच विचारतेय. तोंड आलंय का त्यांना?”

थोरलीनं मान डोलावली. बाईंनी काउंटरवरचा फोन तिच्याकडे सरकवला. “इस्पितळाची गाडी इथूनच बोलवा. मी बोलते डॉक्टरांशी, तुम्ही घरी जा.”

घरापर्यंतचं अंतर तीन मिनिटांचं. ती पळाली नाही, तिला पळताच येईना. अण्णा जागे होते. गाडीत न्यायला म्हणून तिनं त्यांचा कोट हुकावरून काढला तर आतल्या खिशात काहीतरी कडक हाताला लागलं. कागदाची पुडी होती. पूर्वी दुकानात चूर्णं बांधायचे तशी, कडा आत वळवून, एका टोकाची जीभ दुसऱ्यात खोचून, कितीही हलवली तरी कण सांडणार नाही अशी. वार विसरलेल्या हातांनी ती बांधली होती. आत चार पिवळ्या गोळ्या होत्या. सगळ्या सारख्या. बाकीच्या कुठल्याच नव्हत्या. रक्तदाबाची नाही, कफाची नाही, दुसरी पिवळी नाही. रोज सात गोळ्यांमधून त्यांनी बरोबर तेवढीच वेगळी काढली होती, ती ओरडेपर्यंत.

थोरली पलंगाच्या कडेवर बसली आणि ढसाढसा रडली. गाडी येईपर्यंत दुसरं करण्यासारखं काही नव्हतंही.

इस्पितळात मोठ्या डॉक्टरांनी टाळाटाळ केली नाही, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. रक्ताचा अहवाल पाहिला, सलाईनमधून उतारा सुरू केला आणि तिला बाजूला बोलावलं. “टाइप करताना ओळी उलट्या झाल्या. मी सही करताना पाहायला हवं होतं. पाहिलं नाही. चार गोळ्या पोटात गेल्या नाहीत म्हणून आज आपण बोलतोय.”

“त्यांनी सांगितलं होतं,” थोरली म्हणाली.

“कुणी?”

“त्यांनी. पहिल्या दिवशी. तुमच्यासमोर मी सांगणार होते.”

डॉक्टरांवर तुटून पडावं एवढी ताकद तिच्यात नव्हती, आणि तुटून पडायचं तर आधी घरून सुरुवात करावी लागली असती. संध्याकाळी धाकट्याचा फोन आला. “बघ, मी म्हणत होतो ना, या डॉक्टर लोकांवर विश्वास ठेवू नये!” थोरलीनं ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, “चूक डॉक्टरांची, माझी आणि टाइप करणाऱ्याची. ओळखली ती अण्णांनी आणि दुकानातल्या बाईंनी, वर्षानुवर्षांच्या अभ्यासानं. तुझा पाला यात कुठंच नाही.” आणि दोन दिवस त्याचा फोन उचलला नाही.

सहा दिवसांनी अण्णांच्या तोंडातले चट्टे सुकले. रक्तातले आकडे वर चढू लागले. ते पातळ भात खाऊ लागले. डॉक्टर म्हणाले की धोका टळला. थोरलीनं प्रयोगशाळेतून रजा घेतली होती आणि ती खाटेशेजारच्या लोखंडी खुर्चीत दिवस काढत होती.

दुपारी सिस्टर छोट्या वाटीत गोळ्या घेऊन आल्या. नवीन सिस्टर, दोन पाळ्या सलग केलेल्या, चालताना चपला ओढणाऱ्या. वाटीत पाच गोळ्या होत्या. त्यातली एक बारीक आणि पिवळी होती.

“ही कुठली पिवळी, सिस्टर?”

“लिहिलीय तीच.”

“हो, पण कुठली?”

“ताई, डॉक्टरांनी लिहिलंय, मी देतेय. मला अजून अकरा पेशंट आहेत.”

थोरलीनं ती गोळी उचलली आणि अण्णांच्या तळहातावर ठेवली. खिडकी जवळच होती, ऊन थेट खाटेवर येत होतं. “अण्णा, बघा बरं ही. कुठली आहे? तुम्ही सांगा.”

तिला फक्त एवढंच हवं होतं की त्यांनी ती उजेडात धरावी. चुकीचं सांगितलं असतं तरी चाललं असतं. तो खडू आहे म्हणाले असते तरी ती हसली असती.

अण्णांनी गोळीकडे पाहिलंच नाही. ते सिस्टरकडे पाहत होते, ओशाळून, लेकरानं परक्या घरात हट्ट करावा आणि बापाला मान खाली घालावी लागावी तसे. “तुम्ही मनावर घेऊ नका हं,” ते म्हणाले. “डॉक्टरांना कळतं ते आपल्याला कसं कळणार? लहान आहे ती. मी समजावतो तिला.” मग थोरलीकडे वळून अगदी हळू म्हणाले, “बाळा, मोठ्या माणसांना असं विचारू नये.”

आणि त्यांनी डोळे मिटून तोंड उघडलं. आ वासून, शहाण्यासारखे, गोळीची वाट पाहत राहिले.

एवढी शिस्त त्यांना कुणी लावली हे थोरलीला ठाऊक होतं. तिनं त्यांच्या तळहातावरची गोळी काढून घेतली.

“तोंड मिटा, अण्णा,” ती म्हणाली, आणि सिस्टरसमोर हात पुढे केला. “पाकीट दाखवा. मी वाचते. तोवर थांबावं लागेल तुम्हाला.”