हातमोज्याची चीर

या औषधाचं सगळंच उलटं. आधी ते रोग्याच्या शिरेत जातं, शरीराचे फोटो निघतात, आणि ते निर्जंतुक होतं की नाही हे मागाहून कळतं. त्यातला किरणोत्सर्ग काही तासांत विझतो. जंतू उगवायची वाट बघत बसलं तर औषध कामाचंच राहायचं नाही. म्हणून सगळा भरवसा दोघांवर. शिशाच्या काचेआड औषध बनवणारे काका, आणि विझलेल्या औषधाचे थेंब जंतूंच्या खाऊत सोडून नळ्या न्याहाळत बसणारी बाई. तिला सगळे नळीबाईच म्हणत.

त्या सकाळी औषधाची नळी गढूळ झाली होती. शेजारची, औषध न घातलेली कोरी नळी मात्र स्वच्छ.

"म्हणजे औषधातच घाण," साहेब म्हणाले. "जंतूही कातडीवरचे. काका, हात धुता की नुसते ओले करता?"

काका हसले नाहीत. "ज्यांना टोचलंय त्यांना आधी फोन करा, साहेब. कुणाला ताप आहे का विचारा. माझं मागाहून बघा."

"करतोच. तोवर तुमचं टेबल बंद. नळीबाई, तुमच्या हातून काही झालं नाही ना? तपासणीतच चूक झाली असेल तरच पुन्हा तपासता येतं. नियम आहे."

"छे, नाही," ती म्हणाली. शब्द इतका झटकन निघाला की तिची तीच दचकली.

झालं होतं. कोरी नळी भरून झाल्यावर हातमोज्याच्या बोटाला बारीकशी चीर दिसली होती. मोजा बदलायचा म्हणजे सगळी मांडणी मोडून पहिल्यापासून सुरुवात. एवढ्याशानं काय होतंय, म्हणून तिनं औषधाची नळी त्याच मोज्यानं भरून टाकली. फाटक्या मोज्यावरून नव्या मुलींना चारचौघांत झापणारी तीच.

दुपारी काका बंद टेबलाची काच उगाच पुसत होते. पलीकडे साहेब फोनवर कुणाला समजावत होते, "घाबरू नका आजी, नुसती चौकशी आहे." फोनमधलं रडणं इथवर येत होतं.

नळीबाई काकांजवळ आली. "काका, माझा मोजा फाटला होता. कळूनही मी तसंच रेटलं. आणि सकाळी खोटं बोलले."

फडकं थांबलं. तिनं मान खाली घातली.

"म्हणजे लोकांच्या अंगात काही गेलं नसेल?" काकांनी विचारलं.

"बहुतेक नसेल. बाटलीत उरलेलं औषध पुन्हा तपासलं की कळेल."

काकांनी फडकं बाजूला ठेवलं. "सकाळपासून घास उतरला नाही गं माझ्या घशाखाली. जा, जा, साहेबांना सांग. ती म्हातारी फोनवर आहे तोवर सांग."

आपल्या बंद टेबलाचा त्यांनी शब्दही काढला नाही. आणि ती दिवसभर स्वतःची अब्रू पोटाशी धरून बसली होती.

नळीबाई साहेबांच्या दाराकडे निघाली. काकांनी चार शिव्या घातल्या असत्या, तर पाय जरा तरी हलके पडले असते.