मुद्दाम खाल्लेली माती

आमच्या घरात दर जुलैत, म्हणजे इथल्या ऐन उन्हाळ्यात, एक विनोद होतो आणि तो दरवर्षी तोच असतो. माझा नवरा थॅड अमेरिकन फुटबॉलच्या सरावाच्या छावणीतला पहिला दिवस संपवून येतो, स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसतो, खुर्ची कुरकुरते आणि तो म्हणतो, "खाल्ली माती, मार्नी. पोटभर."

मग मी हसते. या वर्षीही हसले.

माती म्हणजे परीक्षेतली. छावणीच्या पहिल्याच दिवशी प्रत्येक खेळाडूला संगणकापुढे बसवून त्याच्या डोक्याची परीक्षा घेतात. पडद्यावर शब्द येतात, आकृत्या येतात, निघून जातात, आणि थोड्या वेळाने विचारतात की काय काय पाहिलंस. ते गुण जपून ठेवतात. पुढे हंगामात डोक्याला मार लागला की तीच परीक्षा पुन्हा. उन्हाळ्याइतके गुण पडले तर मैदानात, कमी पडले तर बाकावर. आणि बाकावर बसलेल्याची जागा जो घेतो तो ती परत देत नाही, हे या धंद्यात कुणाला सांगावं लागत नाही. म्हणून मुरलेले गडी उन्हाळ्यात वेड पांघरून पेडगावला जातात. मुद्दाम कमी गुण घ्यायचे, म्हणजे पुढे डोकं गरगरत असलं तरी तेवढे पडतातच. आमच्या संघाचं नावच टोलेडो हेरन्स. हेरन म्हणजे बगळा. एका पायावर उभं राहून साधूचा आव आणायची कला आमच्या लोकांना नावातच मिळालेली आहे.

थॅड मधला गडी. मैदानावर चेंडूला पहिला हात त्याचा आणि टीव्हीवर शेवटचं नावही त्याचंच, तेही त्याने काही घोळ घातला तर. वाकून दोन पायांमधून चेंडू मागे डाव चालवणाऱ्या गड्याच्या, क्वार्टरबॅकच्या, हातात द्यायचा, एवढंच लोकांना दिसतं. त्याच्या आधी तो समोरच्यांचे पाय, खांदे, नजरा बघतो आणि आजूबाजूच्या चौघांना ओरडून सांगतो की कुठल्या बाजूला रेटायचं. हे सांगायचे शब्द दरवर्षी बदलावे लागतात, नाहीतर समोरचे शिकतात. शब्द ठरवतो थॅड. गेल्या वर्षी त्याने शाळेतल्या बाईंची नावं ठेवली होती. या वर्षी घरातली. डावीकडे रेटायचं असलं की "मार्नी", उजवीकडे असलं की "बुशा".

बुशा म्हणजे त्याची आजी. टोलेडोतल्या पोलिश घरांत आजीला असंच म्हणतात. लाग्रेंज स्ट्रीटच्या त्याच जुन्या घरात ती राहते, जिथे थॅड वाढला. तिला ऐकू कमी येतं, त्यामुळे तिच्या टीव्हीचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जातो. सामना बाहेरगावी असला की मी तिच्याकडे बघायला जाते. थॅड पडद्यावर "बुशा" ओरडला की ती दर वेळी मान वर करून म्हणायची, "आलेच रे, ओरडू नकोस."

अकरा वर्षं थॅड आपल्याच गावासाठी खेळतोय आणि अकरा वर्षांत बगळे एकदाही बाद फेरीत गेले नव्हते. या वर्षी कुणाची दृष्ट काढली होती कोण जाणे, पण ऑक्टोबर संपेपर्यंत आम्ही हरण्यापेक्षा जिंकलेलेच जास्त. माझ्या सलूनमध्ये केस कापायला येणाऱ्या बायका खुर्चीत बसायच्या आधी विचारायच्या, "थॅडचा गुडघा कसाय?" गुडघा उत्तम होता. गुडघ्याची मला काळजीच नव्हती.

त्याने कॉफीचा डबा फ्रीजमध्ये ठेवला आणि दूध कपाटात. ठीक आहे, माणूस दमतो. शेगडीवर सॉसेज ठेवून तो गराजमध्ये गेला आणि धूर बघून शेजारी धावत आले. तेही ठीक. एकदा एकच गोष्ट त्याने मला जेवताना दोनदा सांगितली, त्याच हावभावांसह, आणि दुसऱ्यांदाही मी हसावं म्हणून थांबला. मी हसले, आणि उठून दूध फ्रीजमध्ये आहे ना ते बघून आले.

मग नोव्हेंबरातला तो रविवार. सामना मिलवॉकीत होता. मी बुशाच्या सोफ्यावर, मांडीवर पिरोगींची, म्हणजे बटाटा भरलेल्या पोलिश करंज्यांची, बशी. थॅड वाकला, डावीकडे उजवीकडे बघितलं आणि ओरडला, "मिस डोर्सी, मिस डोर्सी."

बुशाने माझ्याकडे वळून विचारलं, "ही कोण बाई?"

"शाळेतली," मी म्हटलं. "गेल्या वर्षीची."

"मग आता तिचं काय?"

गेल्या वर्षी मिस डोर्सी म्हणजे उजवीकडे. पडद्यावर पाचही जण उजवीकडेच रेटले, चेंडू पुढे गेला, टीव्हीवरचे दोघे समालोचक कौतुक करत राहिले. सगळ्या देशात मला एकटीलाच काहीतरी चुकल्याचं कळलंय असं वाटलं, आणि बशीतल्या पिरोगी तशाच गार झाल्या.

डिसेंबरात आमच्याच मैदानावर त्याला तो मार बसला. दिसायला काही मोठा नव्हता. समोरच्याचं शिरस्त्राण ह्याच्या शिरस्त्राणावर आपटलं, दोघे पडले. थॅड उठला, पडलेल्याला हात देऊन उठवलं, त्याची पाठ थोपटली आणि त्याच्याबरोबर चालत समोरच्या संघाच्याच घोळक्यात जाऊन उभा राहिला. लोक हसले. माझ्या पुढच्या रांगेतली बाई म्हणाली, "किती दिलदार आहे हो हा." मी हातमोजा दातात धरून बसले होते.

त्याला बाहेर काढलं, मैदानाकडेच्या डॉक्टरांच्या निळ्या तंबूत नेलं, आठवडाभर सरावाला लावलं नाही. मग परीक्षा झाली. तो घरी आला तो उड्या मारतच.

"उन्हाळ्याइतकेच गुण," तो म्हणाला. "जसेच्या तसे. पास."

"जसेच्या तसे?"

"एका गुणाचाही फरक नाही. आहे की नाही माझी माती कामाची?"

तो आंघोळीला गेला आणि मी ओट्याला धरून उभी राहिले. उन्हाळ्यात वेड्याचं सोंग घेऊन जेवढे गुण मिळाले, तेवढेच आता शहाण्यासारखा प्रयत्न करून मिळाले होते. म्हणजे सोंग होतं तिथे आता तो खरोखरच येऊन पोचला होता. संघातल्या कुणालाही हे कळणार नव्हतं, कारण कागदावर सगळं सारखं दिसत होतं. कळत होतं फक्त मला. आणि हंगामाचा शेवटचा सामना उरला होता. जिंकला तर बाद फेरी.

पाती थॅडच्या डाव्या हाताला खेळतो. सामोआचा, दार भरून टाकणारा माणूस, आवाज मात्र पाळण्यातल्या बाळाला झोपवतानासारखा. बुधवारी सरावाच्या मैदानाबाहेर मी त्याला गाठलं. बर्फ पडत होता म्हणून तो माझ्या गाडीत बसला, गाडी त्याच्या बाजूला कलली.

"पाती, तो चुकीचे शब्द ओरडतो का?"

पातीने टोपी काढून मांडीवर ठेवली. "कधीकधी."

"म्हणजे किती?"

"आम्ही शब्दाकडे बघतच नाही आता, मार्नी. त्याच्या ढुंगणाकडे बघतो. ज्या बाजूला ते कलतं, त्या बाजूला रेटायचं. ते अजून चुकलेलं नाही."

"आणि तुम्ही कुणाला बोलला नाहीत."

"काय बोलणार? अकरा वर्षं थांबलाय तो. अजून एक रविवार. आम्ही सांभाळून घेतो ना त्याला."

"तुम्ही त्याला सांभाळताय की सामन्याला?"

मी हे जरा जोरातच म्हटलं. त्याने राग मानला नाही. "दोन्ही," तो म्हणाला. "तुला काय वाटतं, मला झोप लागते?"

झोप मलाही लागत नव्हती. सांगावं तर त्याचं अख्ख्या जन्माचं एकच मागणं मी माझ्या हाताने मोडणार. न सांगावं तर रविवारी तो पुन्हा तिथे वाकणार, समोरून तसंच शिरस्त्राण येणार, आणि कदाचित त्यानंतर तो मलाच विचारील की तू कोण. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. शुक्रवारी मी सलूनमधल्या एका बाईचे केस ठरल्यापेक्षा बोटभर जास्त कापले, तिची माफी मागितली आणि एप्रन तिथेच टाकून गाडी काढली.

संघाच्या डॉक्टर हॅलोरन खोलीत एकट्याच होत्या. मी बसलेसुद्धा नाही.

"उन्हाळ्यातल्या परीक्षेत थॅडने मुद्दाम कमी गुण घेतले होते," मी म्हटलं. "दरवर्षी घेतो. त्यामुळे आता तो पास झाला त्याला काही अर्थ नाही."

त्यांनी चष्मा काढला. "तुम्ही मला हे काय सांगताय, ते तुम्हाला कळतंय ना? आता मला ऐकलं नाही असं करता येणार नाही."

"म्हणूनच तुम्हाला सांगतेय."

"त्याला विचारावं लागेल. हो म्हणाला तर रविवारी खेळणार नाही. हॉस्पिटलात पूर्ण तपासणी होईपर्यंत नाहीच."

"विचारा," मी म्हटलं आणि गाडीत येऊन रडले. पार्किंगमध्ये दोन रखवालदार माझ्याकडे बघत होते. बघू देत म्हटलं.

थॅड घरी आला तेव्हा अजून उजेड होता. मी भांडणाची तयारी करून बसले होते. काय काय म्हणायचं ते सगळं ओठांवर होतं. तो येऊन त्याच खुर्चीत बसला.

"तू गेली होतीस," तो म्हणाला.

"हो."

"डॉक्टरने विचारलं, बायको म्हणते ते खरं का. मी हो म्हटलं. उद्या सगळ्या गावाला कळेल. लबाड म्हणतील मला."

"म्हणू देत. तू जिवंत राहा, धडधाकट राहा, मग मी पण म्हणेन लबाड. ओरड माझ्यावर, थॅड. गप्प नको बसूस."

तो ओरडला नाही. टेबलावरची मिठाची बाटली त्याने उचलली, इकडची तिकडे ठेवली.

"मी माती खाल्ली नव्हती, मार्नी."

"काय?"

"या वर्षी नाही खाल्ली. वसंतात एकदा बुशाच्या घरी जाताना मला रस्ताच आठवेना. लाग्रेंज स्ट्रीट, जिथे मी वाढलो. पेट्रोल पंपावर विचारून गेलो. तुला सांगितलं नाही. मग छावणीत परीक्षेला बसलो तेव्हा म्हटलं, या वेळी खरी देऊ. बघू तरी कुठे आहोत आपण. सगळा जोर लावला. घाम फुटला मला त्या खुर्चीत." त्याने बाटली खाली ठेवली. "आणि गुण तेवढेच पडले. दरवर्षी सोंग घेऊन पडायचे तेवढेच."

शेगडीवर सूप उकळत होतं. मी उठून आच बंद केली, कारण हातांना काहीतरी काम हवं होतं.

"मग घरी येऊन मला का म्हणालास, पोटभर खाल्ली म्हणून?"

"तू हसतेस ना त्यावर."

मी तोंडावर हात धरला. जुलैत मी हसले होते. चांगली खदखदून हसले होते, आणि तो समोर बसून बघत होता.

"आणि डॉक्टरला आज खरं का नाही सांगितलंस?"

"लबाड म्हटलेलं परवडलं," थॅड म्हणाला. "दुसरं जे म्हणतील ते सोमवारी ऐकू. तू येशील ना हॉस्पिटलात?"

"येईन म्हणजे काय. नाहीतर रस्ता विचारत बसशील." हे माझ्या तोंडून गेलं आणि मला स्वतःचीच भीती वाटली. पण तो हसला. त्या दिवसातलं ते एकच हसू होतं.

रविवारी आम्ही तिघं बुशाच्या सोफ्यावर. थॅडच्या वजनाने बुशा माझ्या अंगावर घसरत होती. त्याच्या जागी क्रॉफर्ड नावाचा बदली गडी वाकला आणि ओरडला, "मार्नी, मार्नी." ऐकायला फार वाईट वाटलं. परक्याने आपलं नाव घेतल्यावर वाटतं तसं.

"हा कोण मला हाक मारतोय?" पुढच्या वेळी तो "बुशा" ओरडला तेव्हा बुशाने विचारलं.

"माझा मित्र, बुशा," थॅड म्हणाला.

तो क्रॉफर्डच्या आधी पुटपुटत होता. समोरच्यांचे पाय बघायचा आणि हळूच म्हणायचा "मार्नी", की पडद्यावर क्रॉफर्ड तेच ओरडायचा. "बुशा", की तेच. एकदाही चूक नाही. माझ्या मनात वेडी आशा जागी झाली. वाटलं, डॉक्टरही चुकतात, परीक्षाही चुकतात. अर्धा खेळ झाला, मग पाऊण. मी त्याच्या ओठांकडेच बघत राहिले.

शेवटची काही सेकंदं. आम्ही दोन गुणांनी मागे, चेंडू त्यांच्या रेषेपाशी. बुशाने जपमाळ काढली. बाहेर गल्लीत एकही गाडी चालत नव्हती. क्रॉफर्ड वाकला. थॅड पुढे सरकला, त्याचं सगळं अंग उजवीकडे कललं, बरोबर तिकडेच, आणि तो म्हणाला, "मिस डोर्सी."

"बुशा, बुशा," क्रॉफर्ड ओरडला.

पाती उजवीकडे रेटला, सगळेच रेटले, आणि बगळे रेषेपार जाऊन जिंकले. गल्लीत हॉर्न सुरू झाले, कुणीतरी घमेलं बडवायला लागलं. बुशा रडत थॅडच्या दंडाचे मुके घेत होती. तो माझ्याकडे बघत होता. मी ऐकलं की नाही, एवढंच त्याला बघायचं होतं.

"मुद्दाम म्हटलं," थॅड म्हणाला.

तो थांबला, मी हसावं म्हणून. मी त्याचा हात माझ्या दोन्ही हातांत घेतला आणि या वेळी हसले नाही.