सुधारलेला पेला

निपाणीच्या त्या विडी कामगारांच्या दवाखान्यात पाण्याचा माठ होता. माठावर पितळी पेला असायचा. शिवाय मागच्या खिडकीच्या गजाला तारेनं अडकवलेला एक जर्मनचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा, पेला होता, तो बौद्धवाड्यातल्या बायांसाठी. तसं कुणी लिहून ठेवलं नव्हतं, कुणी सांगतही नव्हतं. बाया आपसूक खिडकीकडं वळायच्या. सुलाबाई तिथं नर्स होती, आणि त्याच वाड्यातली. तिच्या हातची सुई गावाला चालायची. दंडात टोचून घ्यायचं आणि वर "सिस्टर, हात लई हलका हाय बघा" म्हणायचं. पाण्याचं नाव निघालं की मात्र ह्यांची जात जागी! शी! त्या पेल्याला आतून बुळबुळीत थर धरलेला, वर माशा. आणि सुलाबाईची आई, तानुबाई, तंबाखूनं खोकून बेजार होऊन यायची ती त्यातूनच प्यायची. लेक नर्स, आणि आईच्या तोंडाला हे!

त्र्याऐंशी साली दवाखाना चालवणाऱ्या मंडळींना सेवा सुधारायची हुक्की आली. पुण्याहून एक साहेब बोलावले. त्यांनी डॉक्टरांपासून झाडणाऱ्या मालुबाईपर्यंत सगळ्यांना गोल बसवलं.

"मनात येईल ती कल्पना चिठ्ठीवर लिहायची," साहेब म्हणाले. "चिठ्ठ्या भिंतीवर लावू, सारख्या असतील त्या एकत्र करू. नियम एकच. कुणाच्याही कल्पनेला नाही म्हणायचं नाही. टीका बंद!"

सुलाबाईला हुरूप आला. इतकी वर्षं तिनं तोंड उघडलं की कुणीतरी गप्प करायचं. आज ते जमणार नव्हतं. तिनं ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'सगळ्यांना एकाच पेल्यानं पाणी.'

कंपाउंडर भरमूनं लिहिलं, 'खिडकीतला पेला घाण झालाय, नवा स्टीलचा आणावा.' डॉक्टरांनी लिहिलं, 'पेल्यांना खूण करावी, अदलाबदल नको.' साहेबांनी तिन्ही चिठ्ठ्या शेजारी शेजारी चिकटवल्या आणि वर खडूनं 'पेले' लिहिलं.

"साहेब, माझी चिठ्ठी ह्यात बसत न्हाय," सुलाबाई उठून म्हणाली. "मी उलटं लिवलंय. दुसरा पेला पायजेच कशाला?"

"सिस्टर, टीका नको." साहेबांनी हसून बोट हलवलं.

"नियम म्हंजे नियम, सिस्टर," भरमू म्हणाला. मेल्याच्या मिशीत हसू मावत नव्हतं.

मग साहेबांनी तिन्ही कल्पनांची मोट बांधली. दोन नवे स्टीलचे पेले, अगदी एकसारखे. एकाच्या बुडाला लाल रंग, तो खिडकीतला. "बघा सिस्टर, तुमचीही सूचना आली! दोघांत काडीचा फरक नाही." टाळ्या पडल्या. सुलाबाईला त्या टाळ्यांची, त्या खडूची, साहेबांच्या गोड हसण्याची अशी किळस आली की ती उठून बाहेर गेली आणि गटाराशी थुंकली.

सोमवारी तानुबाई आली. खिडकीकडं गेली आणि तिचा चेहरा फुलला.

"सुले, नवा पेला आणलाय व्हय गं? आपल्यासाठनं? कसा चकचकीत हाय! लई गुणाचा म्हणायचा तुमचा साहेब."

सुलाबाईचं डोकं भणाणलं. ती तरातरा माठाशी गेली, तिथला पेला काठोकाठ भरला आणि आईपुढं धरला.

"ह्यातनं पी, आये."

बाकावरच्या बाया माना वळवून बघू लागल्या. भरमू औषधाच्या खिडकीतून डोकावला.

"नगं गं बाई," तानुबाई पुटपुटली. "तुजी नोकरी जाईल."

"जाऊ दे गेली तर. तू पी."

तानुबाईला खोकल्याची उबळ आली. डोळ्यांतून पाणी आलं, घसा फाटायला आला. पाणी तर हवंच होतं. तिनं एकदा पेल्याकडं बघितलं, एकदा बाकाकडं. मग ती खाली वाकली, दोन्ही हातांची ओंजळ केली आणि पोटच्या लेकीपुढं धरली.

"वरनं वत," ती म्हणाली.