हळदूचं जहाज

धानोऱ्याच्या लाकूड डेपोत सोमाजीनं एकतीस वर्षं लाकडं मोजली. गोलाई किती, लांबी किती, साल वजा जाता माल किती. त्यानं सांगितलेलं माप पुन्हा कुणी घेत नसे. निवृत्त झाल्यावर माणसं शेतीत लक्ष घालतात, नाहीतर गावच्या राजकारणात. सोमाजी जहाजं बनवायला लागला. खऱ्या जहाजाची हुबेहूब लहान नक्कल, प्रत्येक भाग मापात. समुद्र त्यानं जन्मात पाहिला नव्हता. बायको कमला विचारणाऱ्याला सांगायची, “काई नाई, घरातल्या घरात बोटी चालवून राह्यले.”

पहिली दोन जहाजं शिडांची होती, छंद म्हणून केलेली. तिसऱ्याची गोष्ट वेगळी. ते त्याच्या धाकट्या भावाचं जहाज होतं.

अश्वजित नौदलात होता, समुद्राचा तळ मोजणाऱ्या ‘वेधा’ नावाच्या लहानशा जहाजावर. अकरा वर्षांपूर्वी माय गेली तेव्हा ते जहाज अंदमानच्या पलीकडं होतं. अश्वजित मातीला पोचला नाही. तो आला पाचव्या दिवशी, पुण्यानुमोदनाला. तेव्हा भरल्या मांडवात सोमाजी म्हणाला, “जहाजावर हेलिकॉप्टर रायते. याले यायचंच नोयतं.” मापाचा माणूस बोलला, म्हणून सगळ्यांना ते खरं वाटलं. अश्वजितनं ताटाला हात लावला नाही. बॅग उचलली आणि निघून गेला. त्यानंतर दोघे भाऊ एकमेकांशी बोलले नव्हते.

दोन वर्षांपूर्वी अश्वजित निवृत्त झाला. त्याची बायको माधवी कमलाला फोन करायची. ब्रह्मपुरीत घर बांधायला काढलंय, हे तिच्याकडूनच कळलं. ‘वेधा’ मोडीत काढली, हेही तिनंच सांगितलं. सोमाजीनं फोन हातात घेतला आणि जहाजाचे फोटो मागितले.

“काऊन पायजे, भाऊजी?”

“असंच.”

फोटो आले. नाशिकच्या एका जहाजवेड्यानं आराखडा पाठवला. पंचाहत्तर फुटांचा एक फूट, म्हणजे जहाज अडीच फुटांचं झालं. जन्मभर साग मोजलेल्या माणसानं साग मात्र वापरला नाही. सागाचे रेषे जाड. एवढ्याशा जहाजावर ते दोरखंडासारखे दिसतात. त्यानं हळदूचं लाकूड घेतलं. पिवळसर, लोण्यासारखं कापलं जाणारं. दोन वर्षं माळ्यावर सुकवून ठेवलेलं होतं.

फेब्रुवारीत मागचा डेक तयार झाला. सोमाजीनं हेलिकॉप्टरच्या पंख्याचा व्यास शोधून काढला: छत्तीस फूट. त्याला पंचाहत्तरनं भागलं, पावणेसहा इंचांची पुठ्ठ्याची चकती कापली आणि डेकवर ठेवली. ती क्रेनला अडली. पुढं सरकवली, तर होड्यांच्या खांबांना अडली. त्यानं जहाजाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चकती फिरवली. ती कुठंच बसेना.

कमला दारात उभी होती. “काय शोधून राह्यले?”

“जागा.”

“भेटली?”

“नाई.”

तिनं चकतीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. अकरा वर्षं जे ती बोलली नव्हती, ते आताही बोलली नाही. “चाय थंडा होऊन राह्यला,” एवढंच म्हणाली.

त्या दिवशी सोमाजीनं ठरवलं, हे जहाज अश्वजितला द्यायचं. आपल्याला काही बोलावं लागणार नाही. डेक पाहिला की तो समजेल, आपण मोजून पाहिलं आणि आपलं माप चुकलेलं होतं.

मार्चात माधवीचा फोन आला: बुद्धपौर्णिमेला गृहप्रवेश. जहाजाच्या अंगावर पट्ट्या चढवायचं काम अजून बाकी होतं. एप्रिल आणि अर्धा मे त्यातच गेला. बाहेर पंचेचाळीस अंश. सोमाजीनं टेबल कुलरसमोर ओढलं आणि वाळ्याच्या ओल्या हवेत बसून एकेक पट्टी फासळ्यांवर बसवली. कुठल्याच जोडात नख जाईल इतकीही फट राहिली नाही. वरून पांढरा रंग दिला. ज्याच्यासमोर डेपोतले ठेकेदार लाकडाच्या ओलीवरून खोटं बोलायला भीत, त्या माणसाच्या हे ध्यानात आलं नाही की दीड महिना त्या पट्ट्या कुलरचं पाणी पीत होत्या.

पौर्णिमेला नवरा-बायको खोकं घेऊन निघाले. गडचिरोलीला दुसरी बस मिळाली.

“बाबाजी, याच्यात काय हाये?” कंडक्टरनं विचारलं.

“जहाज.”

“मंग आमच्या बसनं काऊन चालले? बसा न त्याच्यातच!”

बस हसली. सोमाजीनं खोकं मांडीवर घेतलं. खिडकीची काच वर होत नव्हती आणि भट्टीसारखा वारा थेट खोक्यावर येत होता. आरमोरी सोडल्यावर आतून आवाज आला: टक्. थोड्या वेळानं पुन्हा: टक्, टक्. उन्हाळ्यात डेपोतले ओले ओंडके तडकतात तेव्हा असाच आवाज येतो. सोमाजीला खोकं उघडून पाहायची गरज नव्हती.

ब्रह्मपुरीच्या स्टँडवर त्यानं ते उघडलं. जहाजाचं पोट चार ठिकाणी उललं होतं. पांढरा रंग फाटून आतलं पिवळं लाकूड दिसत होतं.

“कुलर,” तो म्हणाला. “मले कसं नाई समजलं? चाल, वापस जाऊ.”

“फाटलं त फाटलं,” कमला म्हणाली. “मी एवढ्या उनात वापस नाई येत. तुमाले जायचं त जा.”

ती चालायला लागली. खोकं उचलून सोमाजी तिच्या मागं निघाला.

वंदना झाली होती, पंगत बसली होती. अश्वजित हातात वरणाची बादली घेऊन वाढत होता. केस पार पिकलेले. मोठ्या भावाला पाहून तो थांबला. “जय भीम,” म्हणाला, आणि पुढच्या ताटात वरण वाढलं.

लटारूमामा पंगतीतूनच ओरडले, “सोमाजी! टीवी आनला का बे भावाले?”

सोमाजीनं खोकं खुर्चीवर ठेवून उघडलं. पोरं धावली. मामा उष्ट्या हातानं उठून आले, वाकले आणि म्हणाले, “हे त फुटलेलं हाये! फुटकं काऊन आनलं बाप्पा?”

सोमाजीच्या कपाळावरून घाम निथळत होता. आता जहाज काही बोलणार नव्हतं. त्याच्याकडे पाहणाऱ्याला फक्त फटी दिसत होत्या.

“माह्याच हातची चूक हाये, मामा,” तो म्हणाला. “वल्ल्या हवेत पट्ट्या बसवल्या.” मग थांबला. पंगत थांबली. “दुसरी चूक याच्यापेक्षा मोठी. मायच्या पुण्यानुमोदनाले मी म्हनलो होतो, याच्या जहाजावर हेलिकॉप्टर हाये. तुमी सगळे होते तिथी. मी आता मोजून पाह्यलं. हेलिकॉप्टर उतरन एवढी जागा त्याच्यावर नाई. नोयतीच. मी न मोजता बोललो.”

लटारूमामांनी हात धुवायला पाणी मागितलं.

अश्वजितनं बादली माधवीच्या हातात दिली. जहाज दोन्ही हातांनी उचललं, लेकराला मानेखाली हात घालून उचलतात तसं, आणि आतल्या खोलीत नेलं. कमलानं नवऱ्याला पाठीवर बोट टोचून आत ढकललं.

अश्वजित जहाज पलंगावर ठेवून खाली बसला होता. “शिडी उजवीकडं नोयती,” म्हणाला. “डावीकडं.”

“फोटोत दिसली नाई.”

“हे समोर काय केलं?” त्यानं पुढच्या भागावर बोट ठेवलं. “हा ठोकळाच बसवला तू.”

“आराखड्यात काई दाखवलं नोयतं.”

“रंगाच्या डब्यांची खोली होती तिथी.” अश्वजितनं बोट काढलं नाही. “माय गेल्याचा मेसेज आला न, मंग दोन दिवस मी तिथंच होतो, भाऊ. बंदर यायले दोन दिवस लागले. ड्यूटी झाली का तिथी जाऊन बसायचो. सगळ्यांसमोर कसा रडू?”

बाहेर पंगतीत कुणीतरी मीठ मागत होतं.

“केवढी होती?” सोमाजीनं विचारलं.

अश्वजित उठला. कपाट आणि भिंतीच्या मधल्या चिंचोळ्या जागेत जाऊन उकिडवा बसला, गुडघे छातीशी घेतले. “एवढी. याच्यापेक्षा वीतभर कमी.”

“हालू नको,” सोमाजी म्हणाला. तो भावासमोर गुडघ्यावर बसला आणि बोटं ताणून भिंतीपासून कपाटापर्यंत वीत वीत टाकत गेला. चौथी वीत अश्वजितच्या गुडघ्यावर पडली. ती त्यानं उचलली नाही.

“अन दार?” त्यानं विचारलं. “कोन्या अंगाले उघडत होतं?”